उपयोजित समाजशास्त्र घ्यावं का? आधी अभ्यासक्रमात प्रश्न कोण ठरवतं ते बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: समाजशास्त्राच्या पदवीचं शेवटचं वर्ष चालू आहे. पुढे पदव्युत्तरला दोन वाटा दिसताहेत, एक नेहमीचं समाजशास्त्र आणि दुसरं ‘उपयोजित’, म्हणजे समाजशास्त्र प्रत्यक्ष अडचणींवर वापरायला शिकवणारं. घरचे म्हणतात, उपयोजित घेतलंस तर निदान नोकरी तरी लागेल. प्राध्यापक म्हणतात, त्यात सिद्धान्त पातळ होतो. तुम्हाला लोकांत मिसळून काम करायला आवडतं, पण आकडेवारीची धास्ती आहे. मग काय करावं?

मी बरीच वर्षं हेच काम करते. सरकारी खाती, रुग्णालयं, स्वयंसेवी संस्था यांच्या योजनांचं मूल्यमापन करायचं, म्हणजे ठरवलं होतं ते झालं का, कोणासाठी झालं, कोणासाठी नाही आणि का, हे शोधून द्यायचं. मधूनमधून संशोधन पद्धतीचा पेपरही शिकवते. त्यामुळे सांगते, घरचे आणि प्राध्यापक दोघंही अर्धंच बरोबर आहेत. ‘उपयोजित’ या शिक्क्याने नोकरी मिळत नाही आणि सिद्धान्त पातळ होणं हेही त्या शिक्क्याच्या नशिबी लिहिलेलं नाही.

मला तुमच्या प्रश्नात दडलेला खरा प्रश्न वेगळा दिसतो. दोन वर्षांनी एखाद्या संस्थेचा माणूस तुमच्यासमोर अडचण घेऊन बसला आणि ती अडचण त्याने भलत्याच पद्धतीने मांडली, तर तुम्हाला ती नीट मांडून देता येईल का? मांडलेली तपासता येईल का? आणि जे सापडेल ते त्याला ऐकवता येईल का? उपयोजित समाजशास्त्रात मुख्य कौशल्य हेच आहे. सर्वेक्षण, मुलाखती, सॉफ्टवेअर हे सगळं त्याच्या मागून येतं. जो अभ्यासक्रम हे करायला लावतो तो घ्या, त्याचं नाव काहीही असो.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगून टाकते. विभागात शिकवणाऱ्यांपैकी किती जणांनी विद्यापीठाबाहेरचं काम केलं आहे, यावर बरंच ठरतं. पुढे पीएचडी करायची असेल तर हिशेब बदलतो. तुम्हाला थेट माणसांसोबत, एकेका कुटुंबासोबत काम करायचं असेल, तर कदाचित तुम्हाला समाजकार्य हवं आहे, समाजशास्त्र नव्हे. बऱ्याच देशांत समाजकार्याला परवाना किंवा नोंदणी लागते, समाजशास्त्राला सहसा लागत नाही. याचा फायदा असा की कोणी तुम्हाला अडवत नाही. तोटा असा की ‘मी समाजशास्त्रज्ञ आहे’ म्हटल्याने कोणतंही दार आपोआप उघडत नाही. तुम्ही काय करू शकता हे दर वेळी दाखवावं लागतं.

आता ‘प्रश्न मांडणं’ म्हणजे काय, ते माझ्या कामातल्या एका उदाहरणाने सांगते. एका रुग्णालयाची तक्रार होती की घरी सोडलेले रुग्ण फेरतपासणीला येतच नाहीत. व्यवस्थापनाने आम्हाला काम दिलं ते असं: ‘रुग्णांमध्ये जागरूकता किती कमी आहे याचं सर्वेक्षण करून द्या.’ हा प्रश्न पुन्हा वाचा. त्यात उत्तर आधीच भरलेलं आहे. जागरूकतेचं सर्वेक्षण केलं असतं तर जागरूकता कमीच निघाली असती, कारण कुठल्याही विषयावर लोकांची परीक्षा घेतली की ती कमीच निघते. मग पुस्तिका छापल्या गेल्या असत्या आणि रुग्ण पूर्वीइतकेच गैरहजर राहिले असते.

आम्ही आधी फक्त रजिस्टरं मागितली. कोण येत नाही? सगळेच नाही, की काही ठरावीक? तिथे दिसलं की न येणारे सगळीकडे सारखे पसरलेले नव्हते, काही वॉर्डांत त्यांचं प्रमाण उघड जास्त होतं. मग त्या वॉर्डांत बसून घरी सोडण्याची प्रक्रिया पाहिली. पुढची तारीख सांगितली जात होती ती त्या क्षणी काउंटरवर बिल भरायला जो नातेवाईक उभा असेल त्याला. घरात औषधपाणी बघणारी व्यक्ती वेगळी, बिल भरणारी वेगळी आणि कामावरून सुट्टी कोणी काढायची हे ठरवणारी तिसरीच. प्रश्न बदलला: घरी सोडताना तारीख नेमकी कोणाच्या हातात जाते? कुटुंबात कामाची आणि अधिकाराची वाटणी कशी असते, हा पहिल्या वर्षाच्या पाठ्यपुस्तकातला विषय. तो काउंटरवर उभा होता, इतकंच. व्यवस्थापनाने अर्धं ऐकलं. तारीख सांगण्याची पद्धत बदलली आणि पुस्तिकाही छापलीच, कारण तिचा निधी मंजूर झालेला होता. या धंद्यात असंच चालतं.

हे काही आजचं नाही. लेस्टर वॉर्ड या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९०६ मध्ये ‘अप्लाइड सोशिऑलॉजी’ या नावाचा ग्रंथच लिहिला, पण त्याच्या आधीच लोक हे काम करत होते. डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस या कृष्णवर्णीय अमेरिकी समाजशास्त्रज्ञांना १८९६ मध्ये फिलाडेल्फियातल्या कृष्णवर्णीय वस्तीचा अभ्यास करण्यासाठी नेमलं गेलं. नेमणाऱ्यांच्या मनात चित्र साधारण असं होतं की शहर बिघडतंय, त्याला हे लोक कारणीभूत आहेत, फक्त पुरावा हवा. ड्यू बॉइस यांनी सातव्या वॉर्डात स्वतः घरोघरी जाऊन माहिती जमवली. तिथे साडेनऊ हजारांहून जास्त कृष्णवर्णीय राहत होते. शिक्षण, रोजगार, घरभाडं, कुटुंबाची रचना, सगळं नोंदवलं. १८९९ मध्ये छापून आलेल्या अभ्यासाने प्रश्नाची दिशाच उलटवली. ही वस्ती शहराच्या आजाराचं कारण नसून लक्षण आहे, असं त्यांनी पुढे आपल्या कामाबद्दल म्हटलं. दिलेला प्रश्न त्यांनी नाकारला नाही, पण जसाच्या तसा घेतलाही नाही. उपयोजित शाखेच्या पहिल्या तासाला मी हेच उदाहरण घेते.

तुमच्या प्राध्यापकांची शंका इथेच घेऊ. सिद्धान्त पातळ होतो का? काही विभागांत होतो, हे खरं आहे. दोन वर्षं नुसत्या प्रश्नावल्या बनवायला शिकवणारे अभ्यासक्रम मी पाहिले आहेत आणि तिथून आलेल्या उमेदवारांना कामावर घेताना मी हात आखडता घेते. प्रश्नावली बनवायला कोणीही काही आठवड्यांत शिकतं. काय विचारायचं हे सिद्धान्ताशिवाय कळत नाही.

उदाहरण द्यायचं तर रॉबर्ट मर्टन या अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी १९३६ मध्ये हेतुपूर्वक केलेल्या कृतींच्या अनपेक्षित परिणामांवर एक लेख लिहिला. वाचायला जड आहे. पण तो डोक्यात बसलेला माणूस रोजगार मिळवून देणाऱ्या योजनेच्या मूल्यमापनाला जातो, तेव्हा ‘किती जणांना काम मिळालं’ या आकड्यावर थांबत नाही. तो विचारतो, कर्मचाऱ्यांचं कौतुक कशावर होतं? आकड्यावर होत असेल, तर ज्यांना एरवीही काम मिळालंच असतं अशांनाच आधी दाखल करून घेतलं जात नाही ना? ज्यांना मदतीची सर्वांत जास्त गरज, ते दारातूनच परत जात नाहीत ना? हे तपासायचं असतं, हे ठाऊक असायला हवं, आणि ते सिद्धान्तातून येतं. जागेवर गेल्यावर सुचेल या भरवशावर राहू नये. जागेवर गडबड असते, चहा-पाणी असतं, सगळे आपापली बाजू सांगत असतात.

मायकेल बुरावॉय यांनी २००४ मध्ये अमेरिकी समाजशास्त्र संघटनेच्या अध्यक्षीय भाषणात समाजशास्त्राचे चार प्रकार मांडले: व्यावसायिक (अभ्यासकांनी अभ्यासकांसाठी केलेलं), धोरणात्मक, चिकित्सक आणि सार्वजनिक (सर्वसामान्य लोकांशी संवाद साधणारं). या मांडणीवर वाद भरपूर झाले, पण तुमच्या निवडीसाठी ती उपयोगी आहे. धोरणात्मक समाजशास्त्र दुसऱ्याने दिलेल्या प्रश्नावर काम करतं. त्याला पद्धतीचा कणा व्यावसायिक समाजशास्त्राकडून मिळतो आणि ‘हा प्रश्न मुळात कोणाच्या सोयीचा?’ हे विचारण्याची सवय चिकित्सक समाजशास्त्राकडून. उपयोजित म्हणवणाऱ्या अभ्यासक्रमात या दोन्हींसाठी जागा आहे का, ते विषयांच्या यादीत शोधा.

आकडेवारीची धास्ती. तुम्ही प्रश्नाच्या शेवटी हे दबक्या आवाजात लिहिलंय, पण बहुतेकांचा निर्णय याच्यावरच होतो, म्हणून जरा थांबते.

गणितात हुशार असण्याची गरज नाही. गरज आहे ती आकड्यांवर पटकन विश्वास न ठेवण्याची. विल्यम रॉबिन्सन यांनी १९५० मध्ये एक छोटा लेख लिहिला, त्याची गोष्ट ऐका. अमेरिकेच्या १९३० च्या जनगणनेत राज्याराज्यांची तुलना केली तर दिसत होतं की ज्या राज्यांत परदेशात जन्मलेले लोक जास्त, तिथे निरक्षरता कमी. म्हणजे स्थलांतरित जास्त साक्षर? नाही. एकेका व्यक्तीच्या पातळीवर पाहिलं तर परदेशात जन्मलेल्यांत निरक्षरता थोडी जास्तच होती. ते स्थायिक होत होते अशा राज्यांत, जिथले मूळ रहिवासी आधीच जास्त साक्षर होते. गटाच्या आकड्यावरून व्यक्तीबद्दल बोललं की असा फटका बसतो. हे समजायला अवघड गणित लागलं का? पण आकड्यावर असाच पटकन विश्वास ठेवून फसलेले अहवाल माझ्याकडे आजही येतात: ‘ज्या विभागांत प्रशिक्षणं जास्त झाली तिथे तक्रारीही जास्त, म्हणून प्रशिक्षण निरुपयोगी.’ अहो, तक्रारी जास्त होत्या म्हणूनच तिथे प्रशिक्षणं जास्त दिली होती!

पदव्युत्तर पातळीवर तुम्हाला एवढं यायला हवं: नमुना कसा निवडतात आणि निवड बिघडली की काय होतं, साधी कोष्टकं वाचणं आणि बनवणं, सहसंबंध आणि कार्यकारण यांतला फरक, आणि प्रतिगमनाचं (रिग्रेशनचं, म्हणजे एका गोष्टीचा दुसरीशी असलेला संबंध बाकीच्या गोष्टी लक्षात घेऊन मोजण्याचं) कोष्टक समोर आलं तर त्यातून काय म्हणता येतं आणि काय नाही. सॉफ्टवेअर एखादं नीट शिका. ‘आर’ फुकट मिळतं, एसपीएसएस बऱ्याच विद्यापीठांत असतं. कुठलं शिकलात याने फार बिघडत नाही. मला स्वतःला पहिल्या सत्रात संख्याशास्त्राची पुस्तकं बंद करून दुसऱ्यांचे छापील अहवाल वाचायला लावणारे शिक्षक आवडतात. ‘हा आकडा कशाच्या तुलनेत?’ एवढा एकच प्रश्न प्रत्येक पानावर विचारायचा. धास्ती त्यानेच जाते.

तुम्हाला लोकांत मिसळायला आवडतं, हे चांगलंच आहे, पण त्यावर फार विसंबू नका. गप्पा मारणं आणि मुलाखत घेणं यांत फरक आहे. गप्पिष्ट माणसं मुलाखतीत बहुतेक वेळा स्वतःच बोलतात, समोरच्याने अर्धं वाक्य टाकलं की पुढचं अर्धं भरून देतात. शांत बसणं शिकावं लागतं. त्याच रात्री टिपणं लिहून काढणं शिकावं लागतं, कारण दुसऱ्या दिवशी आठवतं ते आपल्याला सोयीचं असतं तेवढंच.

क्षेत्रकार्य किती बारकाईने करता येतं हे बघायचं असेल तर मारिएनथालचा अभ्यास बघा. ऑस्ट्रियातलं व्हिएन्नाजवळचं हे गिरणीगाव. गिरणी बंद पडली आणि जवळजवळ अख्खं गाव बेकार झालं. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड, हान्स झाइझेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या ४७८ कुटुंबांची नोंद केली. नुसतं ‘कसं वाटतं?’ असं विचारलं नाही. ग्रंथालयातून किती पुस्तकं नेली जातात हे मोजलं. रिकामा वेळ वाढूनही ती संख्या घटली होती. रस्त्यावरून माणसं किती वेगाने चालतात आणि किती वेळा थांबतात, हेही मोजलं. बेकारीने माणसं बंड करून उठतील असं अनेकांना वाटत होतं. प्रत्यक्षात सापडली ती मरगळ. आणखी एक: संशोधकांपैकी कोणीही तिथे नुसता बघ्या म्हणून राहायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. कपडे गोळा करून वाटणं, वैद्यकीय तपासणी, कपडे बेतण्याचे वर्ग, अशा कामांतून गावाला उपयोगी पडत ते माहिती मिळवत होते. उपयोजित शाखेतल्या क्षेत्रकार्याकडून मी हीच अपेक्षा धरते, लहान प्रमाणात का होईना.

आणि प्रत्यक्षात काय मिळतं? बऱ्याच ठिकाणी ‘इंटर्नशिप’ म्हणजे कुठल्यातरी संस्थेत जाऊन एक्सेलमध्ये नावं भरणं, कार्यक्रमाचे फोटो काढणं आणि शेवटी सहीशिक्क्याचं पत्र आणणं. याला क्रेडिट मिळतात, शिकायला काही मिळत नाही. म्हणून प्रवेशाआधी विभागाला विचारा: विद्यार्थ्याला संस्थेत पाठवण्याआधी प्रश्न लेखी ठरतो का? मार्गदर्शक तिथे कधी जातो का? शेवटी संस्थेला विद्यार्थ्याकडून काय मिळतं? संस्थेने ते वाचून काही म्हटलंय का? या प्रश्नांना गुळमुळीत उत्तरं आली की समजा.

नीतीचा विषय अभ्यासक्रमात एका तासात उरकतात, तो उरकण्यासारखा नाही. संमतीपत्रावर सही घेतली म्हणजे झालं, असं नसतं. तुम्हाला पैसे देणारा एक असतो आणि माहिती देणारा दुसरा, आणि दुसरा पहिल्याच्या हाताखाली असतो. ज्या विभागात एकच महिला पर्यवेक्षक आहे, तिथल्या अहवालात ‘एका महिला पर्यवेक्षकाने सांगितलं’ असं लिहिलं की तिचं नाव छापल्यासारखंच झालं. कच्ची माहिती कोणाच्या ताब्यात राहणार, न आवडलेला निष्कर्ष गाळण्याचा अधिकार संस्थेला आहे का, हे काम घेण्याआधी कागदावर आणायचं असतं. विद्यार्थी असतानाच ही सवय लावणारा शिक्षक भेटला तर त्याला सोडू नका.

लिहिण्याबद्दल एवढंच, की विद्यापीठ तुम्हाला ऐंशी पानं लिहायला शिकवेल आणि बाहेर तुमची दोन पानं वाचली जातील. दोन्ही लिहून बघा.

नोकरीचं म्हणाल तर जाहिरातीत ‘समाजशास्त्रज्ञ हवा’ असं क्वचितच लिहिलेलं सापडेल. शोधायचे शब्द वेगळे: मूल्यमापन, संशोधन सहायक, धोरण विश्लेषण, समुदाय संपर्क, सामाजिक परिणाम अभ्यास, ग्राहक किंवा वापरकर्ता संशोधन. पहिलं काम बहुधा माहिती गोळा करण्याचं आणि ती साफ करण्याचं असेल. ते कंटाळवाणं असतं, पण माहिती कुठे कुठे खोटी पडते हे तिथेच कळतं. मुलाखतीला येणाऱ्या उमेदवाराला मी गुण विचारत नाही. एक विचारते: तुमच्या प्रकल्पाचा प्रश्न सुरुवातीला काय होता, शेवटी काय झाला, आणि मधे का बदलला? ज्याने खरोखर काम केलंय त्याचं उत्तर लांब असतं. ज्याने केलं नाही तो म्हणतो, काही बदललं नाही, ठरलं होतं तसंच झालं.

तर तुम्ही दिलेल्या माहितीवरून माझा कौल असा. उपयोजित शाखेत सिद्धान्ताचे किमान दोन सलग पेपर असतील, संख्याशास्त्र टाळता येत नसेल (हो, टाळता येत नसेल तरच, धास्ती असलेली माणसं ते टाळतात आणि पुढे पस्तावतात) आणि बाहेरच्या संस्थेसाठी केलेला खरा प्रकल्प असेल, तर बिनधास्त उपयोजित घ्या. यातलं काही नसेल तर नेहमीचं समाजशास्त्र घ्या, त्यात पद्धतींचे वैकल्पिक विषय निवडा आणि लघुप्रबंधासाठी स्वतःहून एखादी संस्था गाठून तिचा प्रश्न मागा. दुसरी वाट जास्त कष्टाची आहे, पण तीही पोचते.

अर्ज भरण्याआधी विभागात जाऊन मागच्या एक-दोन वर्षांचे विद्यार्थ्यांचे प्रकल्प अहवाल मागा आणि दोन तरी वाचा. पहिल्या पानावरचा प्रश्न आणि शेवटच्या प्रकरणातला प्रश्न शेजारी ठेवून बघा. अहवाल गोपनीय आहेत म्हणाले तर वाद घालू नका, निदान शीर्षकं आणि पद्धतीचं प्रकरण तरी दाखवा म्हणा. तेही मिळालं नाही तर तिथे शिकून गेलेला एखादा माजी विद्यार्थी गाठा आणि त्याला विचारा की त्याचा प्रश्न कोणी ठरवला होता.